बतावणीचा हजरजबाब

बारामतीचे नाव निघाले की मराठी वाचकास प्रथम मोरोपंत आठवतात. १७२९ साली पन्हाळगडी जन्मलेले मोरोपंत पराडकर बारामतीकर नाईकांच्या आश्रयास आले, तेथे पुराण सांगू लागले आणि १७९४ साली तेथेच निवर्तले. पंतांची आर्या म्हणजे घडवलेली, घासलेली आणि पुन्हा पुन्हा तोलून पाहिलेली रचना. रामकथा एकशे आठ परींनी रचून पाहणाऱ्या या कवीच्या हातून एखादा शब्द सहज निसटला असेल, असे कोणासही वाटत नाही. अशा कवीच्या गावाशी, ज्याचे सारे सामर्थ्य आयत्या वेळच्या बोलात होते अशा एका शाहिराची आख्यायिका जोडली जावी, ही मौजच म्हटली पाहिजे.

तो शाहीर म्हणजे सोलापूरचा रामजोशी. वैदिकांच्या घरात जन्मलेला हा तरुण तमाशाच्या नादी लागला, घरातून बाहेर पडला, पंढरपुरास विद्याभ्यास करून आला आणि पुन्हा डफाकडेच वळला. धोंडी शाहिराच्या साथीने त्याचा फड गाजू लागला. त्याची आणि पंतांची भेट कशी झाली हे निरनिराळे लोक निरनिराळ्या प्रकारे सांगतात, आणि त्या सर्वांचे तपशील ताडून पाहण्यात फारसे हशील नाही. सर्वांत समान भाग एवढाच की, पंतांनी त्याचे कवित्व ओळखून त्यास ‘कविप्रवर’ म्हणून गौरविले आणि रामजोशीने पुढे तमाशा सोडून कीर्तन धरले. पंतांच्या आर्या कीर्तनातून गाऊन त्या घरोघर पोचविण्याचे श्रेय त्यालाच देतात. संगमनेरच्या अनंत फंदीविषयी अशीच कथा सांगतात. तेथे उपदेश करणारी व्यक्ती अहिल्याबाई होळकर ही होय. दोन्ही कथांचा झोक एकच. डफ हलका आणि टाळ भारी, हे त्या कथा सांगणाऱ्यांनी आधीच ठरवून टाकलेले होते.

वास्तविक डफ टाकला म्हणून आयत्या वेळचे बोलणे टाकले, असे होत नाही. पूर्वरंग संपून उत्तररंगातील आख्यान सुरू झाले की समोर कोण बसले आहे, कोणास डुलकी लागली आहे, गावात काल काय घडले, हे सर्व पाहूनच कीर्तनकार दृष्टांत निवडतो. निवडलेला दृष्टांत कोठे ताणावयाचा आणि कोठे आवरता घ्यावयाचा, हेही त्याला उभ्या उभ्याच ठरवावे लागते. भारुडाची तर गोष्टच निराळी. एकनाथांनी सोळाव्या शतकात रचलेली ही रूपके आजही गायली जातात. परंतु भारूड म्हणणारा पदाच्या दोन चरणांमध्ये जे गद्य बोलतो ते एकनाथांचे नसते, त्या रात्रीचे असते. तुकोबांची पालखी दरवर्षी उंडवडीवरून बारामतीस येते आणि काटेवाडी, सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी असे मुक्काम व विसावे घेत इंदापुरास जाते. या वाटेवरच्या लोकांचा कान अशा दोन चरणांमधल्या गद्यावर पिढ्यान्‌पिढ्या तयार झालेला आहे.

मात्र हजरजबाबीपणाचे खरे घर तमाशाच होय. तमाशाचा क्रम ठरलेला असतो. आधी गण, मग गवळण, मग बतावणी, त्यानंतर लावण्यांची रंगबाजी आणि शेवटी वग. गणात गणपतीला वंदन केले की गवळणी मथुरेच्या बाजारास निघतात. त्यांच्याबरोबर ‘मावशी’ असते, आणि ती पुरुषानेच करावयाची. वाटेत कृष्ण आणि त्याचा पेंद्या त्यांना अडवून दाण मागतात. पुढे बतावणीत सोंगाड्या आणि फडाचा सरदार यांची जुगलबंदी चालते. या भागाला लेखी संहिता नसे. सरदार सरळ प्रश्न विचारी, सोंगाड्या त्याचा शब्द वाकडा धरी, आणि त्या वाकड्या शब्दावर पुढचा प्रश्न उभा राही. परंपरेने पहिला वग मानला जाणारा ‘मोहना बटाव’ सावळजच्या उमाजी मांगाने रचला, तो १८६५ च्या सुमारास. म्हणजे तमाशाला बांधीव कथानक मिळाले ते बरेच उशिरा; सोंगाड्याची जीभ त्याच्या कितीतरी आधीपासून चालत होती.

एक कल्पित प्रसंग घेतला म्हणजे या विनोदाची घडण ध्यानात येईल. पेंद्या मावशीला अडवून विचारतो, “मावशे, दुधात पाणी किती?” आता हा प्रश्न कोठेही विचारला तरी तोच. उत्तर मात्र गाव पाहून द्यावयाचे. निरेचा डावा कालवा १८८५ च्या सुमारास वाहू लागला आणि बारामती व इंदापूर या दोन दुष्काळी तालुक्यांचे रूप पालटले. पण कालव्याचे पाणी बारामतीकडे आधी पोचते, आणि इंदापुराचा बराचसा भाग शेपटाकडे पडतो. शेपटाच्या गावी पाळी केव्हा येईल, आणि आलीच तर किती येईल, यावर वर्षाचे सुखदुःख ठरते. तेव्हा बारामतीजवळच्या जत्रेत मावशी म्हणेल, “पाटाला सुटलंय तेवढं!” आणि हशा होईल. तेच उत्तर इंदापुराकडे दिले तर कोणी हसणार नाही, उलट एखादा उठून उभा राहील. तेथे मावशीने डोळ्याला पदर लावून म्हणावे, “पाटालाच नाही बाबा, तर दुधात कुठनं आणू?” पहिल्या गावी चेष्टा गवळणीची झाली, दुसऱ्या गावी ती पाणी सोडणाऱ्या साहेबाची झाली. शब्द चारच बदलले, परंतु टोपी एका डोक्यावरून दुसऱ्या डोक्यावर गेली.

याकरिता फड गावात शिरला की चांगला सोंगाड्या रात्रीची वाट पाहत बसत नाही. पाटील कोण, सावकार कोण, गेल्या निवडणुकीत कोण पडले, उसाला भाव काय मिळाला, हे सारे तो चहाच्या दुकानात बसून काढून घेतो. रात्री बोर्डावर उभे राहिल्यावर त्याला जे सहज सुचल्यासारखे वाटते त्याचे निम्मे भांडवल त्याने दुपारी जमा केलेले असते. उरलेले निम्मे मात्र कोठूनही जमा करता येत नाही.

ही विद्या शिकावयाची कशी? तिची शाळा नव्हती, तशी ती होतीही. पोर फडात येई ते तुणतुणे धरावयास, नाही तर पाठीमागे उभे राहून झील ओढावयास. वर्षानुवर्षे तो मागे उभा असे, आणि त्याच्या पुढ्यात रोज रात्री तीच गवळण निराळ्या शब्दांनी अडविली जाई. कोणत्या प्रश्नाला लोक हसले, कोणत्या उत्तराने सरदाराची पंचाईत झाली, ढोलकीवाल्याने थाप मारून पडलेला विनोद कसा उचलून धरला, हे तो पाहत राही. शाहिराच्या प्रत्येक चरणानंतर झीलकरी ‘जी जी’ची लांबलचक ओढ घेतात, तिचा एक उपयोग गाण्यापलीकडचा आहे. तेवढ्या वेळात पुढच्याला विचार करावयास सवड मिळते. कलगीवाले आणि तुरेवाले यांच्या सवालजवाबात तर त्या सवडीवरच फडाची अब्रू अवलंबून असे. उत्तर न सुचलेल्या शाहिराला आपले वाद्य प्रतिपक्षाच्या पायाशी ठेवावे लागे. बारामतीहून पुण्याकडे जाताना लागणाऱ्या जेजुरीचा सगनभाऊ हा पेशवाईच्या अखेरीचा शाहीर, आणि होनाजीशी त्याची स्पर्धा प्रसिद्धच आहे.

या शिक्षणाचा पहिला नियम असा की, समोरच्याचे म्हणणे खोडावयाचे नाही. सरदार म्हणाला, “तू काल मेलास,” तर सोंगाड्याने “नाही” म्हणून चालत नाही; तेथे खेळ संपतो. “होय, पण तेराव्याला जेवायला आलोय,” असे म्हटले की खेळ सुरू. आश्चर्य असे की, हाच नियम पुढे हजारो कोसांवर स्वतंत्रपणे पाठ्यक्रमात बसविला गेला. शिकागो शहरात व्हायोला स्पोलिन या बाईंनी परदेशांतून येऊन वसलेल्या गरीब कुटुंबांतील मुलांसाठी नाट्यखेळ रचले. १९६३ साली त्यांचे पुस्तक निघाले. त्यांचे चिरंजीव पॉल सिल्स यांनी सहकाऱ्यांसह १९५९ साली ‘सेकंड सिटी’ ही मंडळी काढली, आणि उत्स्फूर्त विनोदाचे वर्ग व प्रयोग हा अमेरिकेत एक रीतसर व्यवसाय होऊन बसला. इटलीची सोळाव्या शतकातील ‘कोमेदिया देल्लार्ते’ तर तमाशाला आणखी जवळची. तेथेही पात्रे ठराविक, मुखवटे ठराविक, कथानकाचा सांगाडा तेवढा लिहिलेला, आणि बोलणे ज्याचे त्याने करावयाचे. हल्ली मुंबई-पुण्यातही असे वर्ग भरतात आणि सुशिक्षित तरुण फी भरून त्यांत ‘होय, आणि पुढे’ असे म्हणावयास शिकतात. त्यांनी एकदा चैत्रातील जत्रा गाठावी. तेथे फी पडत नाही, धूळ मात्र पुष्कळ पडते.

सुशिक्षितांची रंगभूमी मुळात या विद्येपासून दूर नव्हती. १८४३ साली सांगलीस विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ केले तेव्हा पदे सूत्रधार म्हणे आणि भाषणे पात्रे आपल्या मनची करीत. विदूषकाला तर पूर्ण मोकळीक असे. १८६१ साली विनायक जनार्दन कीर्तने यांचे ‘थोरले माधवराव पेशवे’ छापून निघाले, आणि त्यानंतर हळूहळू ‘बुकिश’ नाटकांनी पात्रांच्या तोंडी लिहिलेले शब्द घातले. १८८० साली किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ आले आणि नाटकास जाणे ही पांढरपेशा कुटुंबाची प्रतिष्ठा झाली. नाटक लिहिलेले, म्हणून सभ्य. तमाशा न लिहिलेला, म्हणून असभ्य, असा एक हिशेब मनात बसला. तमाशा करणारे बहुधा महार, मांग, कोल्हाटी या समाजांतले होते, हे त्या हिशेबाचे दुसरे, सहसा न बोललेले कलम. ज्याला दिवसा पाटलाच्या ओट्यापाशी उभे राहण्याची मुभा नव्हती, तो रात्री बोर्डावरून त्याच पाटलाची मिशी ओढी, आणि पाटलाला हसावे लागे. सत्यशोधकांनी आणि पुढे आंबेडकरी चळवळीने आपल्या जलशांकरिता तमाशाचाच साचा घेतला, तो या कारणाने. ज्या मंडळींना छापखाना परका होता, त्यांचे वर्तमानपत्र हेच होते.

सरकारला लिहिलेल्या नाटकाचा बंदोबस्त ठाऊक होता. १८७६ च्या कायद्याने प्रयोग बंद पाडण्याचा अधिकार त्याने घेतला होता, आणि खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’वर १९१० साली बंदी आली ती नाटक छापलेले, म्हणून वाचून दाखविता येण्याजोगे होते म्हणूनही. न लिहिलेल्या बोलण्याला धरावयाचे कोठे? स्वातंत्र्यानंतर बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाच्या काळात अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी आली. ‘लोकशाहीर रामजोशी’ हा शांताराम यांच्या राजकमलचा चित्रपट १९४७ सालचा. म्हणजे पडद्यावरच्या तमाशाला शहरे गर्दी करीत असताना बोर्डावरच्या तमाशाचे पोट बंद होण्याची वेळ आली. बंदी टिकली नाही. सुधारणेच्या अटी मात्र टिकल्या. पुढे १९५१ चा मुंबई पोलीस कायदा आला आणि १९५४ साली रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळ स्थापन झाले. प्रयोगापूर्वी संहिता सादर करावी, मंडळाने ती वाचावी, हरकतीचे शब्द गाळावे आणि मग प्रमाणपत्र द्यावे, अशी ही पद्धत.

येथे दोन्ही बाजूंची खरी अडचण झाली. तमाशातील द्व्यर्थी बोलणे कित्येकदा मर्यादा सोडून जाई, आणि ते सारे निर्मळ होते असे म्हणणे हा केवळ भाबडेपणा होईल. स्त्रीकलावंतांना त्याची झळ सर्वांत अधिक लागे. परंतु वगाची वही देता येते, बतावणीची कशी द्यावयाची? “दुधात पाणी किती?” एवढा प्रश्न वहीत लिहिता येईल. उत्तर लिहावे तर बारामतीचे लिहावे की इंदापूरचे? आणि एकदा लिहिलेले, शिक्का बसलेले उत्तर तिसऱ्या गावी म्हटले तर तेथे त्याला हसणार कोण? वहीबाहेर बोलावे तर नियमाचा भंग, वहीतले बोलावे तर विद्येचा.

हीच अडचण त्याच सुमारास लंडनमध्ये उभी होती. इंग्लंडात १८४३ चा नाट्यगृहांचा कायदा चालू होता. सांगलीस ‘सीतास्वयंवर’ झाले तेच हे साल. त्या कायद्यानुसार नवे नाटक लॉर्ड चेंबरलेन या राजदरबारी अधिकाऱ्याकडून मंजूर करून घ्यावे लागे. १९५८ साली जोन लिटलवुड या दिग्दर्शिका व त्यांचे सहकारी यांच्यावर खटला झाला. त्यांच्या नटांनी मंजूर संहितेबाहेरचे बोल घातले, त्यांत चर्चिल यांची नक्कलही होती, असा आरोप होता. दंड किरकोळ झाला. कीथ जॉन्स्टन या दुसऱ्या नाट्यशिक्षकाने यावर एक युक्ती काढली. त्याच्या मंडळींच्या खेळात संहिताच नसे, म्हणून मंजुरीस पाठविण्याजोगे काही नसे; तेव्हा त्याने तो खेळ न म्हणता विनोदाचा वर्ग म्हणावयास आरंभ केला. शिक्षक पुढे उभा राहून विद्यार्थ्यांना कामे सांगे आणि प्रेक्षक तो वर्ग पाहण्यास जमत. १९६८ साली नव्या कायद्याने ही पूर्वपरीक्षा इंग्लंडातून गेली. महाराष्ट्रात ती राहिली. तिला आव्हान देणारा अर्ज अमोल पालेकर यांनी २०१६ साली मुंबई उच्च न्यायालयात केला.

मधल्या काळात पांढरपेशांनी बतावणीला पुन्हा घरात घेतले. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकांनी लोकनाट्ये केली आणि निळू फुले यांच्यासारखे नट त्यांतून तयार झाले. वसंत सबनीस यांचे ‘विच्छा माझी पुरी करा’ १९६५ साली रंगभूमीवर आले. सबनीसांनी नाटक लिहिले खरे, परंतु दादा कोंडके रोजचे वर्तमानपत्र वाचून रंगमंचावर येत आणि कालचा प्रयोग आज पाहावयास मिळत नसे. तीच मंडळी पुन्हा पुन्हा तिकिटे काढीत, त्याचे कारण यात आहे. मुंबईच्या नायगावात वाढलेल्या या नटाचे घराणे भोरकडचे. दुसरीकडे मावळातील इंदुरीचे दादू इंदुरीकर हरिभाऊ वडगावकरांच्या ‘गाढवाचं लग्न’मध्ये सावळ्या कुंभार उभा करीत. त्यांचे संवाद पुढे छापले गेले आहेत. ते वाचणाऱ्यास हसू येते, पण मध्येच येते; दादूंच्या थांबण्याची जागा छापता आलेली नाही. कवलापूरच्या काळू-बाळू या जुळ्या भावांचे तर भांडवलच असे होते की, कागदावर त्यांची दोन नावे निराळी दिसत आणि बोर्डावर दोन तोंडे एक दिसत.

या पुनर्वसनात एक व्यवहार मात्र सरळ झाला नाही. शहराने बतावणी उचलली, तिला तिकीट लावले आणि तिच्यावर चित्रपट उभे केले. जत्रेचा फड राहुटीतच राहिला. गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावी फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पुढारी येऊन जत्रेच्या सुपाऱ्या देतात. ध्वनिवर्धक, चित्रपटातील गाणी आणि रात्री दहाचे बंधन यांनी वगाला मधोमध कापले आहे. बऱ्याच ठिकाणी गण-गवळण उरकून सरळ गाण्यांकडे वळावे लागते, कारण पुढे बसलेल्या तरुणांना तेच हवे असते. पण जेथे वडीलधारी मंडळी पुढे बसलेली आहेत, तेथे गवळण अजून अडविली जाते. शेपटाच्या गावी, ऊस वाळत असताना, पेंद्या विचारतो, “मावशे, दुधात पाणी किती?” आणि मावशी लगेच बोलत नाही. आधी पुढच्या रांगेत कोण बसले आहे ते पाहते, पदर सावरते, आणि ढोलकीवाला थाप द्यावयास हात उचलून थांबतो.